राणीसाहेबांकरिता होडी समतोल केली त्याची हकीकत

श्रीजलदेवता प्रसन्न असो. जे कानी आले ते लिहितो, पदरचे घालणे ते मिठाइतकेच. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, धरणाकाठचे एका राज्यात राजश्री दिनकरराव राज्य करीत असत. राज्य म्हणावे तर दोन खोल्या, एक अंगण आणि स्वयंपाकघराचे खिडकीतून दिसे तितका दर्या. राव पाच दिवस दूरचे शहरी कचेरीच्या मोहिमेवर असत, शुक्रवारी सायंकाळी एसटीने राजधानीस येत आणि सोमवारी उजाडता पुन्हा कूच करीत. मागे पट्टराणी सौभाग्यवती नलिनीबाईसाहेब एकट्या तख्त सांभाळीत. दुसरी राणी नव्हतीच, परंतु रावांचे बोलणे ऐकता पट्टराणीच म्हणावे लागते.

ते साली भाद्रपदात, गणपती उठल्यावर, एका बंद पडलेल्या बोट क्लबाची लाकडी होडी रावांनी पदरी घेतली आणि मनी संकल्प केला की, मार्गशीर्षात लग्नास तीस वर्षे पुरी होतात, ते दिवशी राणीसाहेबांस होडीत बसवून पाण्याचे मधोमध न्यावे. परंतु राणीसाहेबांस पाण्याचे मोठे भय. नव्या नवरी असता नदीपार होताना नाव कलली आणि त्या शालूसकट कमरेइतक्या पाण्यात गेल्या, तेव्हापासून घाटाची पायरी उतरल्या नव्हत्या. रावांनी गोष्ट काढिली तेव्हा सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, "न कलणारी होडी करा, मग बसते." बाईसाहेबांनी गोष्ट टाळावयास म्हटले आणि रावांनी आज्ञापत्र म्हणोन मस्तकी धरिले.

मग सरखेल खंडू भोई, ज्यांची हयात त्याच पाण्यात मासे धरण्यात गेली, यांस मसलतीस बोलाविले. सरखेलांनी होडीस फेरी घातली, तंबाखू मळली आणि म्हणाले, "राव, नाव हालतीच. न्हाई हालली तर ती नाव कसली, वटा झाला." मसलत संपली. रावांनी ती ऐकिली आणि मानिली नाही, कारण मोबाइलातील पंडितांनी वेगळे सांगितले होते.

तेथून बारा शनिवार आणि त्यांचे बारा रविवार रावांनी काठावर छावणी केली. प्रथम भेगांत कापूस आणि राळ भरिली, आणि मग रंग दिला, तो पावसाने नेला, मग पुन्हा दिला, आणि मग जिन्याचे उरलेल्या नळ्यांचा कठडा केला, आणि ताडपत्रीचे छत केले, ते वाऱ्याने सरखेलांचे जाळ्यावर नेऊन टाकिले, मग दुसरे केले. घरची जेवणाचे मेजाची एक खुर्ची न पुसता उचलून आणिली, तीस गादी बांधिली, आणि मधोमध वल्ही मारणाराची जागा म्हणोन ती डावे अंगास पक्की ठोकिली. या सर्व काळात राव घरी जेवावयास म्हणोन गेले नाहीत. दुपारचा डबा काठावर येई, रात्रीचे ताट थकून भागून आल्यावर पुढे येई आणि राणीसाहेब म्हणत, आमचे मघाच झाले. राव कठड्याचे स्क्रू मनात मोजीत जेवीत आणि झोपत.

खुर्ची डावीकडे, तेव्हा उजवीकडे तितकाच भार हवा. राव भिडस्त, तीस वर्षांत बायकोस वजन पुशिले नव्हते. शेवटी फोनवरून पुशिले. बाईसाहेबांनी क्षणाचाही विचार न करिता सांगितले, चौसष्ट. मग किराणा दुकानीचे काट्यावर चौसष्ट किलो वाळू तोलिली, आठ आठ किलोचे पिशव्यांत भरून उजवे अंगास मांडिली, आणि फळीवर गवंड्याची पाणसळ ठेविली, की तिचा बुडबुडा मध्यावर राहील तोवर होडी समतोल जाणावी.

नेमिला दिवस रविवारचा आला. राणीसाहेब मोरपंखी पातळ नेसून आल्या, डोळे मिटून रावांचा हात धरिला आणि खुर्चीवर बसल्या. आणि होडी उजवीकडे कलली. बाईसाहेबांनी दोन्ही हातांनी कठडा धरिला, बांगड्या घसरून कोपरापाशी गेल्या. रावांनी पाणसळ पाहिली, उलटी करून पाहिली, काट्यावर संशय घेतला, किराणेवाल्यावर घेतला, आणि मग त्या बांगड्यांकडे पाहिले आणि पाहातच राहिले.

"नलू, वजन किती तुझं?"

"सांगितलं ना. चौसष्ट."

"होडी नाही म्हणतेय."

बाईसाहेब पाण्याकडे पाहून म्हणाल्या, "दाढा दुखतात. गणपतीपासून. काही चावत नाही. पेज पिते." राव म्हणाले, मला का नाही सांगितलेस. त्यावर म्हणाल्या, "दोन दिवस तर येता. त्यात इतके खुशीत असता. ते दोन दिवस डॉक्टरच्या बाकावर कुठं घालवायचे? आणि एकटीनं जायची माझी छाती होईना."

रावांनी उजवीकडची पिशवी सोडिली आणि वाळू ओंजळीने पाण्यात सोडू लागले. एक ओंजळ टाकीत आणि पाणसळ पाहात, बुडबुडा हलेना, मग दुसरी टाकीत. पहिली पिशवी रिकामी झाली, दुसरी अर्धी झाली, तेव्हा कोठे बुडबुडा मध्यावर आला. इतकी माझी बायको माझ्या देखत गेली आणि मी स्क्रू मोजीत बसलो, ऐसे मनी येऊन रावांनी तोंड फिरविले आणि रडले. बाईसाहेबांनी ते पाहिले आणि पदर पुढे केला. राव म्हणाले, उठ, आत्ता डॉक्टरकडे जाऊ. बाईसाहेब म्हणाल्या, "आज रविवार, दवाखाना बंद. आता बसलेच आहे तर न्या मधोमध." आणि रावांनी नेले.

पुढचे शनिवारी, आणि त्याचे पुढचेही सात, छावणी दाताचे दवाखान्यात पडली. चार दाढा काढिल्या, दोन बसविल्या. दर दाढेस राव बाकावर बसून हात धरीत. ते दोन महिने घरी मऊ भात शिजला आणि उभयतांनी एका वेळी, समोरासमोर बसून, तोच खाल्ला. छत अर्धे राहिले, रंगाचा तिसरा हात द्यावयाचा राहिला, त्याची रावांस खंत नाही.

ऐसी ही हकीकत. तात्पर्य इतकेच की, चैत्रापासून राणीसाहेब भाकरी चावून खातात आणि दर रविवारी होडीत बसतात. होडी हल्ली त्यांचे बाजूस बोटभर कलते. राव पाणसळीत पाहतात, वाळूस हात लावीत नाहीत, आणि बाईसाहेबही कलली म्हणोन बोलत नाहीत.