सहापर्यंत मोजणारे नाना

यंदाच्या पाडव्याला, सकाळी साडेनऊ वाजता, दोन लाख दहा हजारांना मी जुनी गाडी घेत होतो. जागा, सुरतेत गोडादऱ्यातल्या आमच्या सोसायटीचं पार्किंग. हजर तिघं: मी, दलाल दिनेशभाई आणि न बोलावता आलेले तळमजल्यावरचे धोंडूनाना. माझ्याआधी नानांचं डोकं गाडीच्या खिडकीतून आत गेलं होतं.

नानांनी उधन्याच्या कापड कारखान्यात चाळीस वर्षं लूम दुरुस्त केल्या. आता निवृत्त, एकटे. सोसायटीत कोणी गाडीत बसलं की ते खिडकीशी वाकतात. "माले दखू दे." चावी फिरते, एअरबॅगचा लाल दिवा लागतो, नाना मोजू लागतात. सहापर्यंत विझला की म्हणतात, "जा." सोसायटीत चौदा गाड्या आहेत. अकरा जण नाना दिसताच काच वर करतात. मीही केली असती, पण माझ्याकडे गाडीच नव्हती.

या गाडीत दिवा लागलाच नाही.

"लाइट नथी, एटले फॉल्ट नथी," दिनेशभाई म्हणाले.

"आमच्याकडे धागा तुटला की लूम आपोआप थांबायची," नाना म्हणाले. "एका शहाण्यानं ती थांबायची पट्टीच बांधून टाकली. लूम काय सुंदर चालली! कापड सगळं भंगारात."

येत्या रविवारी मुलीला बाळंतपणासाठी याच गाडीतून धुळ्याहून आणायचं होतं. मी पैशांची पिशवी परत बगलेत घेतली.

दुसऱ्या दिवशी दिनेशभाई गाडी घेऊन हजर. चावी फिरवली, दिवा लागला. इंजिन सुरू केलं, दिवा विझला. "जुओ काका!"

"इंजिन बंद कर. नुसती चावी फिरव," नाना म्हणाले आणि मोजायला लागले. सहा झाले, दहा झाले, वीस झाले. दिवा विझेना. इंजिन सुरू होताच तो आणि शेजारचा ऑइलचा दिवा एकदम विझले.

"हे दोघं जुळे भाऊ का रे? एकाची वायर दुसऱ्याला जोडली तू!"

दिनेशभाईंना एकाएकी फोन आला. फोन वाजल्याचं मात्र कोणी ऐकलं नाही.

वर्कशॉपमध्ये उघडून पाहिलं, तर स्टीअरिंगमध्ये एअरबॅगच नव्हती. कुठल्यातरी जुन्या अपघातात फुटून गेलेली, वर नुसतं झाकण. नवी बसवायला अडतीस हजार पाचशे. ते दिनेशभाईंच्या रकमेतून कापायचे ठरले.

रविवारी निघताना दिवा लागला. नानांनी सहापर्यंत मोजलं, तो विझला. "जा," म्हणून ते मागे सरकले.

आमच्या सौभाग्यवतींनी काच खाली केली. "नाना, यातल्या एखाद्या गाडीत कधी बसलात का हो?"

"बसाले कोन बोलावस?"

चौदा गाड्या, आणि बसणं शून्य. हा आकडा माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. पुढची सीट नानांना मोकळी करून ही मागच्या सीटवर गेली.

नाना घरात गेले आणि पाच मिनिटांत कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. पाच मिनिटांत इस्त्री होत नाही. शर्ट कधीचा तयार असणार.

दिनेशभाईंना एक लाख एकाहत्तर हजार पाचशे दिले, वर्कशॉपला अडतीस हजार पाचशे. वाटेत कडोदऱ्याला तीन चहा झाले. त्याचे साठ रुपये नानांनी चहावाल्याला दिले. मला खिशात हातसुद्धा घालू दिला नाही.