जाळीच्या काचेमागचा उपवास

काचेच्या कडेनं डोकं बाहेर काढून उदयसिंहांनी विचारलं, "दिसलो काय?"

"न्हाय," सिलिंडर घेऊन आलेला माणूस म्हणाला.

"हात हलवला, त्यो?"

"न्हाय."

"दोन गिरक्या घेतल्या की मर्दा!"

"न्हाय ओ आबा. सही करा की लवकर, खाली टेम्पो उभा हाय."

उदयसिंहांनी समाधानानं सही केली. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरात ही काच बसून तीन आठवडे झाले होते. तेवढ्या काळात पोस्टमन, दूधवाला, भिशीतले सगळे मित्र आणि चुकून भलत्याच घरी आलेला एक पाहुणा, इतक्यांची अशी परीक्षा घेऊन झाली होती. सगळे एकमुखानं "न्हाय" म्हणाले होते. या सगळ्या परीक्षा सकाळच्या उन्हात झाल्या होत्या, एवढी एक बारीक गोष्ट मात्र उदयसिंहांच्या लक्षात आली नव्हती.

काच त्यांच्या सुनेनं, निशिगंधानं बसवली होती. दोन काचांच्या मध्ये पितळी तारांची बारीक विणलेली जाळी दाबून पक्की केलेली, जमिनीपासून छतापर्यंत, कडेला तेवढं एक दार. अलीकडे हॉल आणि पलीकडे धुण्याभांड्यांचा चिंचोळा पॅसेज. हॉलमध्ये उजेड असला की जाळी अशी झळकायची की मागची बादली, झाडू, वॉशिंग मशीन सगळं गायब.

"आबा, एक ध्यानात ठेवा," निशिगंधा पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "हिकडं उजेड आणि मागं अंधार असला तरच झाकतंय. पावणं आले की मागचा दिवा लावायचा न्हाय."

"अगं, मला शिकवतीस व्हय? काय दिसत न्हाय म्हंजे न्हाय!"

चाळीस वर्षं ट्रॅक्टरचे सुटे भाग विकलेल्या माणसाला कुठलीही वस्तू एकदा बघितली की आतून-बाहेरून कळते, असा आबांचा विश्वास होता. आणि आबांचा विश्वास एकदा घट्ट बसला की तो सैल करणारा पाना त्यांच्या दुकानातही मिळत नसे.

त्या रविवारी शिरोळचे वर्धमानशेठ आणि त्यांच्या पत्नी सुरेखावहिनी काच बघायला येणार होते. कोल्हापुरात त्यांचा अकरा खोल्यांचा बंगला उभा राहत होता आणि आतलं सगळं काम कुणाला द्यायचं, ते अजून ठरायचं होतं. निशिगंधानं आजवर माहेरी मुरगूडला टीव्हीचं एक कपाट आणि एका मावशीचं देवघर केलं होतं. हे काम मिळालं तर ती खरीखुरी इंटिरिअर डिझायनर. नाही मिळालं तर दिवाळीनंतर आबांच्या दुकानात, फॅनबेल्ट आणि ऑइल फिल्टरच्या मधोमध काउंटरवर बसायचं, असं तिनंच एकदा भांडणाच्या भरात कबूल करून टाकलं होतं. आबा ते विसरले नव्हते. स्टूलसुद्धा आणून ठेवलं होतं.

पाहुणे जैन, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवणार. आबांच्या पत्नी संयोगिताबाईंनी सकाळीच जाहीर केलं, "आज घरात मटण न्हाय."

"रविवारी?"

"रविवारी."

"अगं, चाळीस वर्षांत एक आपलं लग्न आणि एक महापूर सोडला तर रविवार चुकला न्हाय माझा!"

"मग आज तिसरा."

उदयसिंहांनी एकदा काचेकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं. स्वयंपाकघरात मटण येणार न्हाय. शब्द हाय माझा." हा शब्द त्यांनी फार मोजून दिला होता. पॅसेज म्हणजे काही स्वयंपाकघर नव्हे. दुपारीच तालमीतले दोस्त गणपतराव मागच्या दारानं एक तीन मजली डबा देऊन गेले आणि तो वॉशिंग मशीनच्या आड बसून संध्याकाळची वाट बघू लागला.

साडेपाचला पानं मांडली गेली. "आबा, तुम्ही बसत न्हाय?" वर्धमानशेठनी विचारलं.

"माझा उपवास हाय आज. जोतिबाचा रविवार."

संयोगिताबाईंच्या हातातली आमटीची पळी हवेतच थांबली. सुरेखावहिनी कौतुकानं म्हणाल्या, "ह्या वयात? कडक धरताय काय?"

"कडक म्हंजे! पाणीसुद्धा बेतानं. तुम्ही चालू द्या निवांत, मी जरा देवाचं करून येतो," म्हणून आबा आत गेले ते गेलेच.

जेवणं झाली आणि निशिगंधा काचेसमोर उभी राहिली. बोलायला लागली की ती कुणाला ऐकायची नाही. तडा गेला तरी तुकडे खाली पडत नाहीत, मधल्या थराला चिकटून राहतात, हे तिनं सांगितलं. मागं कुणी बोललं तरी आवाज फारसा येत नाही, हेही सांगितलं.

"पितळ काळं पडंल की," वर्धमानशेठ म्हणाले.

"कसं पडंल शेठ? दोन काचांत बंद हाय, हवाच लागत न्हाय. तुम्ही फक्त वरनं काच पुसायची."

सुरेखावहिनी नुसत्या बघत होत्या. निर्णय त्यांचा होता, हे निशिगंधानं जेवतानाच ओळखलं होतं. शेठ तिसरी पोळी घ्यायच्या आधीसुद्धा बायकोकडे बघत होते.

"वहिनी, आता खरी गंमत बघा. मावळतीचा तिरका उजेड जाळीवर पडला की कसा रंग येतोय ते," असं म्हणून निशिगंधानं हॉलमधले सगळे दिवे बंद केले. खिडकीतून आलेल्या तांबूस उजेडात अख्खी भिंत मधाच्या रंगाची झाली. "अगं बाई!" सुरेखावहिनी म्हणाल्या. काम मिळालं, असं निशिगंधाला त्या क्षणी वाटलं आणि ते चुकीचं नव्हतं.

पण काचेच्या पलीकडे उदयसिंह पाटावर बसून हॉलमधून झिरपणाऱ्या उजेडात जेवत होते. तो उजेड अचानक गेला. हातात मटणाची नळी होती, पुढ्यात तांबडा रस्सा होता आणि काहीच दिसेना. अशा वेळी कुणीही जे केलं असतं तेच त्यांनी केलं. हात लांब करून दिवा लावला.

मधाच्या रंगाची भिंत विरघळली आणि तिच्या जागी उदयसिंह दिसू लागले. लख्ख.

त्यांनी नळी ताटलीवर दोनदा आपटली, तोंडाला लावली आणि डोळे मिटून ओढली. मग झाकणातला रस्सा एका दमात घोटला. कपाळाचा घाम बाहीनं पुसला आणि भाकरीचा तुकडा डब्याच्या तळातून असा फिरवला की डबा घासायची गरजच उरू नये.

"अहो!" संयोगिताबाई ओरडल्या. आबांना काही ऐकू गेलं नाही. ते शांतपणे दुसऱ्या नळीकडे वळले.

"आवाज खरंच अडवतीय की काच," वर्धमानशेठ म्हणाले.

निशिगंधा हॉलच्या बटणाकडे धावली. तिचा हात सुरेखावहिनींनी वाटेतच धरला. "राहू दे. तिरका उजेड बघालोय न्हवं आपण?"

जेवण आटोपून, हात धुऊन उदयसिंह काचेजवळ आले. उजेड त्यांच्या बाजूला होता, त्यामुळे त्यांना काचेत दिसत होते ते फक्त उदयसिंह. त्यांनी मिशा ओल्या हातानं पुसल्या, पीळ दिला, मान वाकडी करून दोन्ही बाजूंनी स्वतःला न्याहाळलं. मग आ वासून काडीनं डावी दाढ कोरायला सुरुवात केली. काचेच्या अलीकडे, वीतभर अंतरावर, सुरेखावहिनीही वाकून त्या दाढेत बघू लागल्या. निशिगंधाच्या डोळ्यांसमोर फॅनबेल्ट लोंबकळू लागले.

दिवा विझला. निशिगंधानं झटकन हॉलचे दिवे लावले. दोनच मिनिटांत उदयसिंह तोंडात वेलदोडा टाकून, हात जोडून हॉलमध्ये आले. "चांगभलं! झालं देवाचं. काय म्हणतीया आमची काच?"

वर्धमानशेठनी निशिगंधाला हळूच खिडकीकडे नेलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, मला शुगर हाय. आमच्या कोठीत पेढ्यांचा एक डबा असतोय. हिच्यापेक्षा दाट विणीची, अजिबातच न दिसणारी, अशी मिळंल काय?"

"अहो," सुरेखावहिनी जागेवरूनच म्हणाल्या, "काच हीच. निशिगंधा, अकराच्या अकरा खोल्या तुझ्याकडं. उद्याच येऊन मापं घे. आणि कोठीला भिंत नको, हीच काच घाल. आतल्या दिव्याचं बटण तेवढं बाहेर ठेव, माझ्या खुर्चीपाशी."

"कोठीला कशाला काच?" शेठ कसेबसे म्हणाले.

"उजेड असलेला बरा."

निशिगंधाला इतका आनंद झाला की सासऱ्यांवर रागवायचं राहूनच गेलं. तिनं वाकून वहिनींना नमस्कार केला. संयोगिताबाईंनी पदरानं डोळे पुसले. ते रडू होतं की हसू, हे कुणाला कळलं नाही.

"बघितलंस?" उदयसिंहांनी छाती पुढं काढली. "आपल्या काचेचा नाद करायचा न्हाय! आणि वैनी, खरं सांगू? हे उपवासाचं फळ हाय. मागं बसून जोतिबाला एवढंच मागत हुतो."

"दिसलं की," सुरेखावहिनी म्हणाल्या. पायात चपला सरकवून त्या जिन्याकडे वळल्या आणि दारात थांबल्या. "आबा, एक सांगू काय?"

"सांगा की."

"डावीकडची, सगळ्यात मागची. अजून हाय तिथं."

पाहुणे जिना उतरून गेले. उदयसिंहांनी वळून काचेकडे पाहिलं. हॉलच्या उजेडात जाळी सोन्यासारखी झळकत होती आणि मागचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मग त्यांनी हळूच जीभ डावीकडच्या शेवटच्या दाढेकडे नेली.

होतं.