दत्तारामाचं गाऱ्हाणं

"रोज साफ होतं का?" डॉक्टर पद्मजा सबनीसांनी विचारलं आणि दत्ताराम परबाने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. असल्या गोष्टी बाईमाणसाला सांगायच्या म्हणजे त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्याच्या वतीने त्याच्या बायकोने, वनमालाने, सगळं सविस्तर सांगितलं. बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांचीही त्यामुळे सोय झाली.

डॉक्टरीणबाईंनी शौचाची तपासणी लिहून दिली. पन्नाशीच्या माणसाच्या आतड्यातून कधीकधी रक्त झिरपतं, ते डोळ्यांना दिसत नाही, तपासणीत कळतं, असं त्यांनी समजावलं. "सोमवारी नमुना द्या. त्याआधी तीन दिवस मटण-मासे पूर्ण बंद. नाहीतर तपासणी फसेल."

बोरीवलीच्या बिऱ्हाडी परतल्यावर दत्तारामाने कॅलेंडर बघितलं आणि तो मटकन खाली बसला. रविवारी गटारी होती. सोमवारपासून अख्खा श्रावण कोरडा.

"तपासणी जरा पुढे ढकलूया," तो म्हणाला.

"पोट तुमचं दुखतंय की कॅलेंडरचं?" वनमालाने विचारलं. विषय संपला.

रविवारी 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून निघालेला दत्ताराम पाय मोकळे करत थेट गोरेगावला पोचला. तिथे छापखान्यात त्याच्याबरोबर काम करणाऱ्या धोंडूच्या घरी चुलीवर टोप चढला होता.

"डॉक्टरनं मटण बंद केलंय रे," दत्ताराम टोपाकडे बघत म्हणाला.

"मटण ना? मग ही रक्ती घे. बकऱ्याचं रक्त परतलंय नुसतं. याला मटण कोण म्हणतं?"

दत्तारामाला यात तथ्य दिसलं. भुकेल्या माणसाला तथ्य लवकर दिसतं. रक्तीपाठोपाठ वजडीही आली, कारण ती बकऱ्याचं आतडं असल्याने आतड्याच्या आजाराला चांगलीच, असं धोंडूचं मत पडलं.

रिपोर्टात रक्त निघालं. बरंच निघालं.

"पथ्य पाळलं होतं ना?" डॉक्टरीणबाईंचा चेहरा गंभीर झाला होता.

"माझ्यासमोर वरणभात खाल्ला हो यांनी," वनमाला म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला.

दत्तारामाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याने तोंड उघडलं, बायकोकडे बघितलं आणि मिटलं. पूर्वी एकदा चोरून ओढलेली विडी पकडली गेली, तेव्हा वनमालाने विडीबरोबर पान आणि तंबाखूही कायमची बंद केली होती. खरं सांगितलं तर रविवारचं मटण गेलंच म्हणून समजायचं. आणखी एक तपासणी काय, एका दिवसाची. मटण जन्माचं. रात्री वनमाला भिंतीकडे तोंड करून रडायला लागली, तेव्हा त्याने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

पुढची तपासणी होती बेरियम एनिमा. आदल्या दिवशी नुसतं पाणी आणि कोरा चहा, वर एरंडेल. रात्रभर दत्तारामाने संडासाची कडी इतक्यांदा लावली की खालच्या मजल्यावरच्यांनी सकाळी चौकशी केली. मग एक्स-रेच्या गार टेबलावर त्याला आडवा पाडून मागून नळी घातली गेली, त्यातून पांढरं पाणी सोडलं आणि वर हवा भरली.

"धरून ठेवा, काका," एक्स-रेवाला पडद्याआडून म्हणाला. "डावीकडे वळा. धरून ठेवा. आता पालथे व्हा."

दत्तारामाची मुंबईची भाषा तिथेच संपली आणि गाव तोंडाला आलं. "बा देवा रवळनाथा म्हाराजा, माका ह्यातसून सुखरूप भायर काढ. परत जल्मात मटनाक हात लावचंय नाय, म्हाराजा!"

मालवणी मुलखात एकाने गाऱ्हाणं घातलं की ऐकणाऱ्यांनी होकार भरायचा असतो. तो भरला की गाऱ्हाणं देवाच्या दरबारी रुजू होतं, मग माघार नाही. दाराबाहेरून वनमालाचा खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा."

एक्स-रेवाला नेमका कुडाळचा निघाला. "व्हय म्हाराजा," तोही म्हणाला. "धरून ठेवा."

आतडं अगदी स्वच्छ निघालं. पहिल्यांदा रक्त कुठून आलं ते डॉक्टरीणबाईंना काही उमगेना. वनमालाने मात्र दवाखान्याच्या छताकडे बघून हात जोडले.

"अगं, ते आपलं घाबरून बोललो," बाहेर पडताना दत्ताराम म्हणाला.

"दोघांनी व्हय म्हाराजा म्हटलंय. आता मटण बंद."

दत्तारामापाशी आता एकच पान उरलं होतं, ते त्याने टाकलं. "मला आजारच नव्हता. ते रक्त बकऱ्याचं. गटारीला धोंडूकडे रक्ती खाल्ली मी. देवानं मला बरं केलंच नाही, तर मग नवस कसला?"

वनमाला रस्त्यातच थांबली. "आजार नव्हता?"

"नव्हता."

"आणि मी रात्र-रात्र रडत होते, ते ऐकत होतात?"

"हो," दत्ताराम म्हणाला. त्याला खरोखरच वाईट वाटलं.

ती तरातरा बसस्टॉपपर्यंत चालत गेली. मग तिने पदर सारखा केला आणि रांगेतल्या लोकांदेखत हात जोडले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, ह्येंच्या हातसून चूक झाली, ती पदरात घे. आजपासून हे मासेपण सोडतले, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," दत्ताराम लहानपणापासूनच्या सवयीने म्हणून गेला.