विहिरीवरच्या बाईचं वाक्य

‘राजकन्या शुभ्रांगी’ या जुन्या कार्टूनपटातली विहिरीवरची काळी बाई रविवारी दुपारच्या खेळात पडद्यातून खाली उतरली आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये येऊन बसली.

थिएटर उदगीरचं, मॅनेजर नागनाथ हंचाटे. त्यांनी तिला खुर्ची दिली, पंखा लावला. बाई कागदासारखी फडफडायला लागली तेव्हा पंखा बंद केला.

“बोला.”

“मला एक वाक्य पाहिजे,” बाई म्हणाली.

चित्रपटात तिचं काम थोडंच होतं. राजकन्येची पालखी लग्नाला निघते, वाटेत विहिरीपाशी ही बाई पाय घसरून चिखलात पडते, सगळं गाव हसतं आणि पालखी पुढे जाते. गाव सगळं गोरं, काळी ही एकटीच. दर दिवाळीच्या सुट्टीत हा चित्रपट लागायचा, आणि बाई पडली की थिएटरही हसायचं.

“पडायला माझी ना नाही,” ती म्हणाली. “पण पडल्यावर माणूस काहीतरी बोलतंच की.”

“बाई, मी नुसता दाखवतो. काढलाय दुसऱ्यांनी.”

“ते आता हयात नाहीत. म्हणून तुमच्याकडं आले.”

हंचाट्यांना यात चूक काही दिसेना.

तिकडे पडद्यावर खोळंबा झाला होता. हसण्यासारखं काही न घडल्यामुळे गावकरी तोंडं उघडी ठेवून उभे होते, आणि हसून झाल्याशिवाय पालखी हलत नव्हती. प्रेक्षकांतून शिट्ट्या सुरू झाल्या. त्यांच्यातल्या दातांच्या डॉक्टर दमयंती सूर्यवंशी तक्रार करायला केबिनमध्ये आल्या. बाईला बघून त्या समोरच्या स्टुलावर बसल्या आणि तक्रार राहूनच गेली.

“मला शाळेत सगळे ‘विहिरीवरची’ म्हणायचे,” त्या म्हणाल्या. “सरसुद्धा.”

बाईनं पदर सारखा केला. “माझ्यामुळं झालं का ते?”

“लहानपणी तसंच वाटायचं. फार राग यायचा तुमचा. आज लेकीला घेऊन आलेय. माझ्याच रंगावर गेलीय. तुमची पडायची वेळ आली की तिला पाणी प्यायला बाहेर न्यायचं, असं ठरवून आले होते.”

“मग आता?”

“आता ती आत विचारतेय, पालखी का थांबली म्हणून.”

हंचाटे उठले. माईक घेऊन पडद्याखाली उभे राहिले. वाक्यं चित्रपटाबरोबर मोजूनच आलेली असतात, नवीन आणता येत नाही. द्यायचं तर कुणाच्या तरी वाट्यातलंच द्यायला लागतं.

“राजकन्याताई, विहिरीवरच्या बाईंसाठी एक वाक्य सोडता का?”

शुभ्रांगीनं पालखीचा पडदा बाजूला केला. “इथं विहीर आहे?”

ती खोटं बोलत नव्हती. तिला कायम समोर बघतानाच काढलं होतं.

“मी ‘किती सुंदर सकाळ’ खूपदा म्हणते,” ती विचार करून म्हणाली. “त्यातलं एक घ्या. बदलून काहीही म्हणू द्या त्यांना. नाव काय त्यांचं?”

हंचाट्यांनी दाराकडे पाहिलं. बाई तिथे येऊन उभी होती.

“हौसा,” ती म्हणाली. “पहिल्यापासून हौसाच.”

हंचाट्यांनी केबिनमधलं स्टूल आणून धरलं, हौसाबाई पडद्यात चढल्या. घागर उचलली, दोन पावलं चालल्या, पाय घसरला आणि त्या पडल्या. गावकरी हसणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “हात द्या.”

गावकऱ्यांना हसण्यापलीकडे काही शिकवलेलं नव्हतं. ते एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी राजकन्याच पालखीतून उतरली. तिला घेरदार घागऱ्याखाली पाय काढलेले नव्हते, त्यामुळे विहिरीपर्यंत यायला वेळ लागला. तिनं हात दिला आणि दोघीही चिखलानं माखल्या.

“आई, आता या पण लग्नाला जाणार?” दमयंतीबाईंच्या लेकीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

“जाणार ना,” दमयंतीबाई म्हणाल्या. त्यांनी तिला पाणी प्यायला बाहेर नेलं नाही.

चित्रपट सुटायला उशीर झाला. पुढच्या खेळाची माणसं फाटकापाशी ताटकळून कुरकुर करायला लागली, तेव्हा हंचाटे बाहेर आले.

“आत लग्न लागायचंय. जरा दम धरा.”

“कुणाचं?”

“राजकन्येचं. हौसाबाईंचं लुगडं वाळल्याशिवाय अक्षता टाकायच्या नाहीत म्हणतेय.”

लोक बरं म्हणाले आणि पायऱ्यांवर बसून राहिले.