क्लिफर्ड हेबलथ्वेट बँकेचा निरोप घेतो

ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याच्याकडूनच ते घ्यावेत, हा बँक व्यवसायाचा पाया आहे. ज्याच्याजवळ आहेत त्याला उलट व्याज द्यावं लागतं, आणि असला आतबट्ट्याचा धंदा कोणी किती दिवस करणार? म्हणून शिल्लक शून्याच्या खाली गेली की बँक शुल्क घेते. पूर्वी ती तसं कळवणारं पत्रही पाठवायची आणि त्या पत्राचे वेगळे पंचवीस पौंड लावायची. (तिकीट मात्र बँक स्वतःच्या खर्चाने चिकटवत असे. हे टीकाकार सोयीस्करपणे विसरतात.)

इंग्लंडमधल्या बार्न्सलीचा बसड्रायव्हर क्लिफर्ड हेबलथ्वेट चौतीस वर्षं या व्यवस्थेचा समाधानी लाभार्थी होता. पगार अठ्ठावीस तारखेला होई. गॅस, घरपट्टी आणि गाडीचा विमा वीस तारखेच्या आतच आपापला वाटा खात्यातून परस्पर उचलून नेत. मधले आठ दिवस शिल्लक उणे असे आणि तिच्यावर चाळीस टक्क्यांच्या दराने व्याज चढे. क्लिफर्डला त्यात काही गैर दिसत नसे. अडीअडचणीला आपल्यामागे कोणीतरी उभं आहे, याचं त्याला बरंच वाटे.

त्याच्या बायकोचं, डोरीनचं, मत वेगळं होतं. एका रविवारी ती जुनी स्टेटमेंटं आणि पेन्सिल घेऊन बसली ती चहा गार होईपर्यंत उठली नाही. बँकेने आजवर घेतलेलं शुल्क आणि व्याज मिळून आकडा आला दोन हजार एकशे चाळीस पौंड.

"फाइली गावाला समुद्रावर एक आठवडा राहायला कॅरव्हॅन भाड्याने घेऊ, असं तू मला दर वर्षी सांगतोस," ती म्हणाली, "आणि दर वर्षी परवडत नाही. आपल्या पैशाने बँक सात वेळा जाऊन आली रे."

"बँक कुठे जाते? तिची तर शाखासुद्धा बंद झाली."

दुसरी एक बँक नव्या ग्राहकाला एकशे पंचाहत्तर पौंड रोख देत होती आणि पहिल्या अडीचशे पौंडांच्या उचलीवर व्याजही घेत नव्हती. कामाच्या सात दिवसांत सगळी बिलंसुद्धा तीच हलवून नेणार होती. अर्जात खाली लिहिलं होतं : जुनं खातं आम्ही बंद करू, जुन्या बँकेला आपण काहीही कळवण्याची गरज नाही. हे वाक्य क्लिफर्डच्या गळी उतरेना.

"न सांगता निघून जायचं? चौतीस वर्षांनी?"

"सांगणार कुणाला?"

"त्या खिडकीतल्या मिस ऑग्डन माझ्या गुडघ्याची चौकशी करायच्या."

"त्यांना रिटायर होऊन आठ वर्षं झाली. आता तिथे नखं रंगवून देतात. जा, त्यांना दाखव गुडघा."

तीन आठवडे क्लिफर्ड अर्ज खिशात घेऊन बस चालवत राहिला. (त्या देशातला माणूस आयुष्यात तीन घरं, नऊ गाड्या आणि दोन बायका बदलतो, बँक एकच. ही आकडेवारी डोरीनची.) एकशे पंचाहत्तर पौंडांची मुदत शुक्रवारी संपत होती. गुरुवारी त्याने धीर करून जुन्या बँकेला फोन लावला.

त्रेचाळीस मिनिटं त्याला थांबावं लागलं. तेवढ्या वेळात 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं एकतीस वेळा ऐकवण्यात आलं. एवढ्या जिव्हाळ्याने तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी केली नावाची मुलगी फोनवर आली.

"तुमचं काही चुकलं नाही," क्लिफर्डने पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली. "तुम्ही फार चांगलं वागवलंत. पण आमची परिस्थितीच तशी आहे."

"खातं बदलताय ना? मग आम्हाला सांगायची गरज नव्हती. आणखी काही?"

"नाही. म्हणजे, तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?"

"थांबा हं, विचारते."

चार मिनिटं संगीत वाजलं.

"नाही म्हणाले," ती म्हणाली.

क्लिफर्डने त्याच संध्याकाळी अर्जावर सही केली, तीही कागद फाटेल इतक्या जोरात.

जुलैत दोघं फाइलीला गेली. पाऊस होता. डोरीन कॅरव्हॅनच्या दारात खुर्ची टाकून, पांघरुणात पाय गुंडाळून मासे आणि बटाट्याचे काप खात होती, आणि इतकी खूश ती क्लिफर्डला कित्येक वर्षांत दिसली नव्हती. निघताना उचललेलं टपाल तो उघडत बसला होता. त्यात जुन्या बँकेचं पत्र निघालं : परत येणाऱ्या ग्राहकांना दोनशे पौंड.

"बघ," तो म्हणाला. "आठवण येतेय त्यांना."

"'प्रिय ग्राहक' लिहिलंय, क्लिफर्ड."

"नाव घ्यायचा संकोच वाटला असेल," असं म्हणून त्याने चष्मा पुसला.

वाचकाला हसू आलं असेल तर खुशाल हसावं, बार्न्सली लांब आहे. फक्त किमान शिल्लक नसल्याचे, एसएमएसचे आणि कार्डाचे मिळून आपल्या खात्यातून गेल्या वर्षी किती कापले गेले, ते एकदा पाहून ठेवावं. आणि बँक बदला असं कोणी सुचवलं, की 'पहिल्या पगारापासूनचं खातं आहे हो' असं म्हणताना आपला आवाज कसा हळवा होतो, ते घरच्यांना विचारावं.