शून्य उशिराची ढाल

एका जंगलात एक शाळा होती. कुठल्या जंगलात, असं विचारायचं नाही. विचारणाऱ्याला मी गोष्ट संपेपर्यंत अंगठे धरून उभं करीन. हं, आता कसे शहाण्यासारखे बसलात!

तर पाचवी ते सातवीची शाळा. तिथे माकडाची जुळी होती, हत्तीचं पिल्लू होतं, सायाळीचा काटू होता. सगळी पोरं हुशार. फक्त सगळ्यांना रोज उशीर व्हायचा.

का व्हायचा? अरे, तुम्हाला का होतो? तसाच. माकडाची जुळी घरातून वेळेवर निघायची, पण वाटेत जांभळीचं झाड होतं. हत्तीच्या पिल्लाची आंघोळ काही केल्या संपायची नाही. काटूच्या आईला रोज त्याचा भांग पाडायचा असायचा. सायाळीचा भांग! एका डोक्याला सहा कंगवे लागायचे.

पोरांना शाळेत न्यायला होते गवाकाका. पाठीवर चौदा पोरं, शिंगांना चौदा दप्तरं. माणूस, म्हणजे गवा, मोठा प्रेमळ. पण वाटेत चिखल दिसला की बसायचा. "दोनच मिनिटं रे पोरांनो," म्हणायचा. पाहुण्यांकडून निघताना तुमची आई दारात उभी राहून 'दोन मिनिटं' बोलते ना? तसली दोन मिनिटं.

मग शाळेला नवे हेडमास्तर आले. ढोके सर. ढोक पक्षी तुम्ही पाहिलाय ना? लांब पाय, लांब चोच. सरांची नियमावली त्याहून लांब होती. पहिल्याच दिवशी ते गेटापाशी एका पायावर उभे राहिले आणि गरजले,

"सात वाजून दहा मिनिटांनी गेट बंद! अकराव्या मिनिटाला आलात तर लाल फुली. लाल फुलीवाल्याने 'मी उद्या वेळेवर येईन' हे शंभर वेळा लिहायचं. तिसऱ्या फुलीला पटावरून नाव कमी! परत चौथीत!"

सहावीच्या वर्गशिक्षिका होत्या साळुंकीबाई. त्या हळूच म्हणाल्या, "सर, शंभर वेळा लिहिण्यात पोरांचे तीन तास बुडतील हो."

"बुडू देत," ढोके सर म्हणाले, "पण वेळेवर बुडाले पाहिजेत."

गेट लावायचं काम शिपाई घोरपडमामांकडे. मामा एकदा गेटाला चिकटले की हत्तीने ओढलं तरी सुटायचे नाहीत. बिचाऱ्या हत्तीच्या पिल्लाने ओढूनही पाहिलं. त्याला फुली मिळाली, आणि गेट वाकवल्याबद्दल आणखी एक.

आता नीट ऐका. ए मागच्या, खिदळू नकोस, गोष्ट इथे खरी सुरू होते.

सहावीत कवडी नावाची एक गोगलगाय होती. तिच्या अख्ख्या खानदानात सहावीपर्यंत कुणी गेलं नव्हतं. तिची आई शंखाबाई लहानपणी पहिलीत जायला निघाली होती. पोचली तेव्हा तिचं लग्नाचं वय झालं होतं. म्हणून तिने शपथच घेतली होती, की माझी लेक शाळा पुरी करेल.

आणि लेकीलाही शाळेचं भारी वेड! तिला भूगोल आवडायचा. ज्या नद्या ती जन्मात ओलांडणार नव्हती, त्यांची नावं तिला उगमापासून मुखापर्यंत पाठ होती.

पण ढोके सर आल्यापासून पंधरा दिवसांत कवडीला दोन फुल्या मिळाल्या. एक गवाकाकांच्या चिखलामुळे. दुसरी काटूच्या भांगामुळे. चूक दुसऱ्यांची, फुली हिची. असंच असतं, बाळांनो.

कवडी घरी येऊन ढसाढसा रडली. "आई, अजून एक फुली आणि मी परत चौथीत! चौथीत फक्त आपल्या तळ्याचा नकाशा आहे गं!"

"रडू नको गं बाय माझी," शंखाबाई म्हणाली. "त्या गव्याच्या नादी लागायलाच नको. आपण चालत जायचं. पोटात का असेना, पाय आहेत ना आपल्याला?"

मग मायलेकींनी हिशेब मांडला. घरापासून शाळा गोगलगायीच्या चालीने अठरा तास. शाळा सुटायची साडेबाराला. सुटल्यासुटल्या निघालं, की घरी पोचणार दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला. आणि सात दहाला गेट बंद! आता काय करता? लागा सोडवायला.

शंखाबाईने सोडवलं. बरोबर अर्ध्या वाटेवर एक वारूळ होतं. ती डबा घेऊन त्या वारुळापाशीच राहायला गेली. कवडीने नऊ तास चालून तिथे यायचं, अर्ध्या तासात जेवायचं, शिंगं पुसून घ्यायची, पाढे म्हणायचे आणि तिथूनच परत फिरायचं. पुढचे नऊ तास चाललं की ठीक सातला शाळेत. घराचं तोंड बघायचं नाही. आहे की नाही सोपं?

आठ दिवस हे झकास चाललं. कवडी रोज सातला हजर. ढोके सर घड्याळ ठोकून बघायचे.

नवव्या दिवशी घात झाला. शंखाबाईने अळूवड्या केल्या होत्या. कोवळ्या अळूच्या! आता आईच ती. पोरगी उठायला लागली की म्हणे, "अजून एक घे."

"आई, उशीर होईल गं!"

"एका वडीने काय होतंय? माझी शपथ आहे तुला."

शपथ घातल्यावर काय करणार? कवडीने एक खाल्ली. मग "एक कशी खातात, दोन घे," झालं. मग "तीन वाईट, चार घे." गोगलगायीचं खाणंही गोगलगायीसारखंच असतं. दहा मिनिटं गेली. कवडी निघून गेल्यावर शंखाबाईच्या हे लक्षात आलं आणि तिने डोक्याला हात लावला. म्हणजे लावला असता, हात असते तर. "अगं आई गं, मीच पोरीचं वाटोळं केलं!" असं म्हणत ती लेकीच्या मागोमाग धावली. हसू नका, धावलीच ती.

सकाळी सात वाजून दहा मिनिटं झाली. घंटा वाजली. घोरपडमामांनी गेट ढकललं आणि ते खट्कन अडलं.

खाली पाहतात तो काय! कवडीचं डोकं गेटाच्या आत, आणि शंख गेटाच्या बाहेर.

"सर, ही आली," मामा म्हणाले.

ढोके सरांनी मान वाकडी करून पाहिलं. "कुठे आली? निम्मी आली आहे."

"डोकं वेळेवर आलंय, सर. पाठ उशिरा येतेय."

"दप्तर कुठे आहे?"

"शंखात आहे, सर," कवडी म्हणाली.

"म्हणजे बाहेर. दप्तराविना डोकं कसलं हजर धरायचं? तिसरी फुली! मामा, लाल पेन आणा."

वर्गाच्या खिडक्यांतून पोरं बघत होती. साळुंकीबाईंनी डोळे मिटून घेतले. कवडीला सगळ्या नद्या आटताना दिसल्या. ती इतकी घाबरली, इतकी घाबरली, की सुळ्ळकन शंखात शिरली.

तेवढ्यात धापा टाकत शंखाबाई पोचली. तिने लाल पेन पाहिलं, बंद शंख पाहिला. तिचा जीव नुसता तुटत होता. आणि तुटणाऱ्या जिवाला जे सुचतं ना, ते मोठमोठ्या वकिलांना सुचत नाही.

"सर," ती म्हणाली, "फुली कुणाला देताय? पोर तर घरी आहे."

"घरी?"

"ते काय तिचं घर. आत गेलीय ती. घरी असलेल्या पोरीला शाळेत यायला उशीर कसा होईल? फार तर गैरहजर मांडा."

ढोके सरांनी दोन्ही पाय टेकले. असं ते केवळ आणीबाणीत करत. त्यांनी नियमावली काढली. उशिराबद्दल एकोणचाळीस पानं होती. गैरहजेरीबद्दल एकच ओळ होती: 'दुसऱ्या दिवशी पालकांची चिठ्ठी आणावी.' फुली नाही, शंभर ओळी नाहीत, नाव कमी नाही. काही नाही!

"बरोबर आहे," सर म्हणाले. नियमाचे पक्के होते, हे कबूल केलं पाहिजे. "कवडी गैरहजर. मामा, गेट लावा."

पण शंख गेटात अडकलेला. मामांनी झाडू घेतला आणि शंख आत लोटला. साळुंकीबाईंनी तो उचलून पहिल्या बाकावर ठेवला. शाळा सुटल्यावर ढोके सर शंखावर चोच आपटून म्हणाले, "चला, घरी जा."

"मी घरीच आहे, सर," आतून आवाज आला.

सरांनी नियमावली उघडली आणि काही न सापडता मिटली. आयुष्यात पहिल्यांदा.

हे खिडकीतून पाहिलेल्या पोरांनी घरी जाऊन काय केलं असेल? बरोब्बर! दुसऱ्या दिवशी सात अकराला माकडाची जुळी गेटापर्यंत आली, घड्याळाकडे पाहिलं आणि परत जांभळीवर गेली. हत्तीचं पिल्लू आंघोळीतून उठलंच नाही. काटूच्या आईने म्हटलं, "उशीर होतोय ना? मग जाऊच नकोस, बाळा. दुपारपर्यंत छान भांग पाडू." गवाकाका पाठीवरच्या पोरांसकट चिखलात बसले आणि कुणीच कुरकुर केली नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्यांचा पाऊस. 'पोटात दुखत होते.' 'आजीचे शेपूट दुखत होते.' हत्तीणीने लिहिलं, 'नाक गळत होते,' आणि ते किती गळलं हे दाखवायला शेजारी बादलीचं चित्र काढलं.

महिन्याभरात उशीर शून्य झाला. शून्य! ढोके सर रोज सकाळी लाल फुल्यांच्या कोऱ्या वहीकडे बघून आनंदाने नाचायचे, तेही एका पायावर.

आणि सहावीच्या वर्गात रोज भूगोल चालायचा, कारण कवडीचा शंख पहिल्या बाकावरून हललाच नव्हता. साळुंकीबाई विचारायच्या, "ही नदी कुठे उगम पावते?" रिकाम्या बाकांमधून एक बारीकसं शिंग वर व्हायचं.

"हं, गैरहजर, बोला."

गैरहजर बोलायची, न चुकता. बाई कौतुकाने म्हणायच्या, "शाब्बास! आणि बाकीची हजर मुलं कुठे गेली कुणास ठाऊक."

शून्य उशिराची बातमी वनराजांपर्यंत गेली. वनराज सिंह स्वतः बक्षिसाची ढाल घेऊन यायला निघाले. सिंहच ते, झोपेतून उठून पोचेपर्यंत साडेदहा वाजले.

घोरपडमामा गेटाला चिकटलेले. "उशीर झाला, महाराज. नाव सांगा."

ढोके सरांनी पुन्हा दोन्ही पाय टेकले. राजाला फुली द्यावी तर मान जाणार, आत घ्यावं तर शून्य जाणार! पण वनराज उदार मनाचे निघाले. "मग मी आलोच नाही असं समजा," म्हणाले आणि त्यांनी ढाल गेटावरून आत टाकली. "पण ज्या मुलांनी हे करून दाखवलं, त्यांच्याशी दोन शब्द बोलू द्या."

साळुंकीबाईंनी शंख आणून गेटापाशी ठेवला. एवढंच होतं शाळेत.

"बाळ," वनराज गजांमधून म्हणाले, "शाळा कशी आहे?"

दोन शिंगं बाहेर आली. "फार छान आहे, महाराज. सगळं शिकायला मिळतं. फक्त यायचं नाही."

वनराजांना हे इतकं आवडलं, की त्यांनी जंगलातल्या साऱ्या शाळांना ढोके सरांची नियमावली लावून टाकली.

वर्षाच्या शेवटी निकाल लागला. कवडी पहिली आली. पुढचा नंबर घ्यायला कुणी नव्हतंच. शंखाबाईने लेकीला पोटाशी धरलं आणि रडत रडत भेटेल त्याला सांगत सुटली,

"माझी कवडी सातवीत गेली हो! शाळेत न जाता गेली!"

तात्पर्य: उशिरा पोचणं हा फार मोठा गुन्हा आहे. तेव्हा मुलांनो, एक मिनिट कमी पडत असेल तर उगाच जीव खाऊन धावू नका. सरळ घरी जा, दूध प्या आणि चिठ्ठी लिहा. शाळेची शिस्त राखणं आपल्या सर्वांचं कर्तव्य आहे. शिकायचं काय, ते कुणी ना कुणी झाडूने आत लोटलं गेलेलं शिकतच असतं.