बोट मागं गेलं!

साळवे अण्णा कचेरीत कुणाच्या तोंडाकडे बघत नाहीत. त्यांचं सगळं लक्ष वाचणाऱ्याच्या बोटाकडे.

पारनेरच्या आमच्या कचेरीत नोटिसा लिहिणं हे त्यांचं काम. नोटीस झाली की आधी माझ्या टेबलावर. "ताई, बोट ठेवून वाचा." अहो, मी बी.ए. झालेय! पण सुटका नाही. मी ओळीखालून बोट सरकवायचं, अण्णांनी माझ्या खांद्यामागे उभं राहायचं. बोट मागच्या शब्दावर परतलं की, "मागं गेलं!" आणि समासात लाल फुली. तीन फुल्या झाल्या की कागद टराटरा फाडणार. "दोनदा वाचावं लागतंय, म्हंजे लिहिणाऱ्याचं चुकलं."

एकदा खुद्द साहेबांनी लिहिलेली नोटीस चहावाल्याकडून वाचून घेतली. अकरा फुल्या! साहेब भडकले, "साळवे, नळपट्टीची नोटीस आहे ती, प्रेमपत्र नव्हे!"

"प्रेमपत्र समजतं तरी, साहेब," अण्णा म्हणाले.

परवा मात्र त्यांनी ताळच सोडला. लिही, फाड, दारापर्यंत जा, परत ये. माझंच डोकं गरगरायला लागलं. "अण्णा, बसा हो एका जागी!" मी ओरडले. त्यांनी गुपचूप एक कागद पुढे सरकवला. मी सवयीनं बोट ठेवलं.

'आक्का, जय भीम. धाकटीचं लग्न ठरलं. थोरलीच्या लग्नात तू बोट ठेवून पत्रिका वाचत हुतीस. मी चारचौघांत हसलो. तवापासून तू आली न्हाईस. मी चुकलो. ये.'

आक्का म्हणजे त्यांची काष्टी गावात राहणारी बहीण. ऊसतोडीत जन्म गेला, पन्नाशीत वाचायला शिकली. सात वर्षं झाली, भावाचा फोन उचलत नाही. एवढं अण्णांनी खाली मान घालून सांगितलं. माझं बोट पुन्हा 'मी चुकलो' वर गेलं.

अण्णांचा चेहरा पडला. लाल पेन उघडलं. "मागं गेलं. अवघड झालं का, ताई?"

"नाही हो अण्णा. सोपं आहे. पुन्हा वाचावंसं वाटलं, म्हणून गेलं."

पेन तसंच हातात धरून ते पहिल्यांदाच खुर्चीत टेकले. माझ्या बोटाकडे बघत म्हणाले,

"तिचंबी जाईल का वो?"